कोऱ्या कागदावरचा अंगठा

बाबा, तुमच्यावर राग आला आहे म्हणून लिहून राहिलो. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, आता काय राग धरतोस, असं आई म्हणेल. पण हा राग जुना नाही, मागच्या आठवड्यातला आहे. इथे कोल्हापुरात आज सोमवार, कारखान्याची सुटी. खोलीतले दोघं बाजाराला गेलेत आणि मी दाराशी पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून बसलो आहे. बाजूला तुमची शाईची डबी आहे. तिच्याखाली एक कोरा कागद दाबून ठेवला आहे. कोरा म्हणजे लिहिलेलं काही नाही, पण खाली एका माणसाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. त्या कागदाचंच सांगायचं आहे, आणि ते भंडाऱ्याच्या कोर्टापासून सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

तुम्ही वकीलसाहेबांचे मुन्शी. कडुनिंबाखाली तुमचा टेबल, टेबलाखाली फाइलींची पेटी. सिहोऱ्यापासून पवनीपर्यंतची माणसं आधी तुमच्यापाशी यायची, मग साहेबांपाशी. दावा तुम्ही लिहायचा, साक्षीदाराला काय विचारतील ते तुम्ही समजावून द्यायचं, पुढची पेशी कोणत्या तारखेला ते तुम्हाला तोंडपाठ. साहेब काळा कोट घालून आत जायचे, तुम्ही कठड्यापर्यंत फाइल नेऊन द्यायचे आणि मागे फिरायचे. मला ते फार लागायचं. एकदा मी विचारलं, "लिवता तुमी, मंग तुमीच काहून नाही बोलत?" तुम्ही सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याले रस्ता आहे. पहिले मॅट्रिक कराची. मंग कालेजची डिग्री. मंग नागपूरले तीन साल लॉ कालेज. मंग सनद. सनद भेटली म्हणून लगेच साहेब नाही होत कोणी. चार-पाच साल मोठ्या वकिलाच्या मांगं फिराचं, त्याच्या फाइली वाचाच्या, त्याच्यासाठी पेशी मागाची. त्यानं काई देल्लं त देल्लं, नाही त चहावर राहाचं. मंग कुठी एखादी केस आपल्या नावाची." मी म्हटलं, "एवढं? दावा त तुमी आताच लिवता!" तेव्हा अडकित्ता थांबला. "लिवतो. पण चुकला त माह्यं काय जाते? साहेबाची सनद जाते. ज्याचं काही जाऊ शकते ना, त्यालेच तिथं उभं राहू देतात." मला ते मुन्शी माणसाचं घाबरट बोलणं वाटलं. खरं सांगतो, कालपरवापर्यंत तसंच वाटत होतं.

सातवी पास झालो तेव्हा तुम्ही मला ही डबी दिली. उन्हाळ्याच्या सुट्यांत मी तुमच्या टेबलाशी बसायचो आणि अंगठे घ्यायचो. बोट कसं धरायचं, किती दाबायचं, एका कडेकडून दुसरीकडे कसं लोळवायचं, हे तुम्ही मला एखाद्या सोनारानं पोराला शिकवावं तसं शिकवलं. आणि कोऱ्या कागदांवर अंगठे घ्यायची तुमची रीत. आसगावची ती विधवा बाई आठवते मला. दिरानं तिच्या धानाच्या शेतातली बांधी आपल्या बांधीत घेतली होती. रोवणीच्या दिवसांत तिला दर पेशीला येणं जमणार नव्हतं, म्हणून तुम्ही पाच कोऱ्या कागदांवर तिचे अंगठे घेऊन ठेवले. "काही अर्ज देणं पडला त मी वरून लिवून टाकतो, तू रोवणी पाय." साहेबांना ते आवडायचं नाही, पण ते दुसरीकडे पाहायचे. सगळेच मुन्शी असं करायचे. पुढे दिरानं समजोता केला, बांधी परत मिळाली, आणि तुम्ही त्या बाईला खास निरोप पाठवून बोलावलं. ती एस.टी.नं आली, धापा टाकत, हातात तांदळाची पिशवी. तिला वाटलं काहीतरी राहिलं. तुम्ही पेटीतून उरलेले दोन कागद काढले, तिच्यासमोर फाडले आणि तुकडे तिच्या ओंजळीत दिले. "हे घे. तुया अंगठा तुयापाशी. घरी चुलीत टाकजो." ती हसली. "एवढ्यासाठी बलावलं का जी मुन्शीजी? माह्या एक रोज गेला!" ती गेल्यावर मीही तुम्हाला हसलो होतो. म्हटलं, कायले बलावलं तिले, आपणच फाडलं असतं. तुम्ही म्हणाले, "तिच्या डोयासमोर फाटलं पायजे." झालं, एवढंच. पुढे एक शब्द नाही. बाबा, तुमच्यावर राग येतो तो इथेच. सुपारी कशी कातरायची हेसुद्धा तुम्ही दोनदा सांगायचे, आणि हे एकदाच सांगितलं.

आठवी नापास झालो त्या दिवशी तुम्ही मात्र भरपूर बोलले. निकालाचा कागद घेऊन मी कडुनिंबाखाली आलो, तिथे दहा-बारा पक्षकार बसलेले. तुम्ही कागद पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याले वकील कराले निघालो होतो मी. हा त पक्षकार होईन!" लोक हसले. कोर्टातून बाहेर येणारे साहेबही हसले. मला वाटतं, तुम्ही फक्त जीभ मोकळी केली, संध्याकाळी विसरूनही गेले असाल. मी नाही विसरलो. लाखनीला मावशीकडे जातो म्हणून निघालो आणि तिथल्या हायवेवर उभ्या असलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला हात दाखवला. खिशात तुमची डबी होती. काहून घेतली, ते आजही सांगता येणार नाही. रायपूर, मग पुणे, मग इथे. तुम्ही गेल्याची तार मला उशिरा मिळाली. पोचलो तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता आणि तुमच्या टेबलावर दुसरा मुन्शी बसला होता.

इथे मी पॉवर प्रेसवर आहे. पत्र्याचे तुकडे कापतो, दिवसभर तोच ठोका. आमच्या शॉपमध्ये मला सगळे 'वकील' म्हणतात. "काय वकील, कोट कुठं इसरला?" असं रोज कोणीतरी म्हणतंच. माझ्या मले-तुलेची नक्कल करतात, पण अर्ज लिहायचा झाला की माझ्याकडेच येतात. रजेचा, रेशनकार्डाचा, कोणाच्या शेजाऱ्याच्या तक्रारीचा. तुमच्या सगळ्या ओळी मला पाठ आहेत, 'येणेप्रमाणे विनंती की' पासून. खोटं काय सांगू, लोक समोर बसलेले आणि मी लिहितो आहे, असं असलं की मला तुमच्यापेक्षा मोठं झाल्यासारखं वाटायचं.

आमच्यात एक वयस्क माणूस आहे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. पाच महिन्यांपूर्वी प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. दवाखान्यातून परत आले तर गेटवरच अडवलं, म्हणे तुमचं नाव आता आमच्या हजेरीवर नाही. तात्यांचं मागणं एवढंसं होतं. "झाडू मारायचं काम द्या म्हणावं, पर गेटच्या आत घ्या. गावात बसून मी येडा हुईन." मी म्हटलं, अर्ज करू. तात्यांचं गाव डोंगरापलीकडे, दिवसातून एकच गाडी. म्हणून मी तुमच्यासारखंच केलं. चार कोऱ्या कागदांवर त्यांच्या डाव्या अंगठ्याचे ठसे घेतले, तुमच्याच डबीतल्या शाईनं. आणि टाइप करून घ्यायला कारखान्याच्या ऑफिसातल्या टायपिस्टकडे दिले. चारही. भंडाऱ्याचा कडुनिंबाखालचा टायपिस्ट दोन्ही बाजूंचे कागद टाइप करायचा आणि इकडचं तिकडे एक अक्षर करायचा नाही. मी समजलो सगळे टायपिस्ट तसेच. त्यानं अर्ज टाइप करून दिला, एक कोरा कागद परत दिला आणि म्हणाला, "दोन मशीनमधी अडकून फाटले, टाकून दिले." मी तुकडे मागितले नाहीत. तुकडे मागायचे असतात, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही बाबा. अंगठे घेणं माझं काम होतं, ते मी शिकलो. फाडणं तुमचं काम होतं, ते मी नुसतं पाहिलं.

अर्जावरून कामगार न्यायालयात केस उभी राहिली, वकील मिळाले. आणि मागच्या गुरुवारी मालकाच्या बाजूनं एक कागद आला. 'मी माझ्या खुशीने काम सोडले असून माझी काही तक्रार नाही.' खाली तात्यांचा अंगठा. मी ठसा लगेच ओळखला. लोळवलेला होता, कडेकडून कडेपर्यंत. तसा इथे कोणी घेत नाही.

बाहेर व्हरांड्यात इथल्या वकीलसाहेबांनी आम्हाला दोघांना बसवलं. आधी माझ्याकडे पाहून म्हणाले, "मूळ अर्ज तुम्ही लिहिलात ना? चांगला लिहिलाय. शिक्षण किती?" मी सांगितलं, आठवी नापास. ते हसले नाहीत. म्हणाले, "वय आहे अजून. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी करा. मग बारावी, पदवी, तीन वर्षं लॉ. सनद मिळाली की माझ्याकडे या, मला माणूस लागतोच." तुमचाच रस्ता, बाबा. एक पायरीही कमी झालेली नाही, उलट बारावीची एक वाढली. मी मनात हिशेब केला. प्रेसवर पाळ्या करत, एकदाही नापास न होता, दहा वर्षं. ज्याला अक्षर येतं, कायद्याचा कागद कळतो, त्यानं अजून दहा वर्षं कठड्याच्या अलीकडे उभं राहायचं. डोकं भणभणलं माझं. पण आत कुठेतरी इतकं गोडही वाटलं की काय सांगू. आणि तेवढ्यात त्यांनी तात्यांना विचारलं, "हा अंगठा कुठून आला?"

"मी तर फकस्त ह्या आमच्या वकिलाच्या कागदावर दिलाय बगा," तात्या म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "कोऱ्या कागदावर घेतला होता का? तसं असेल तर सांगा, मला प्रतिज्ञापत्र करता येईल. तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल, एवढंच."

मी म्हटलं, "नाही. लिहून, वाचून दाखवूनच घेतला."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पक्कं आठवत असणार, माझ्या खोलीत याच पेटीवर, पांढऱ्या कागदांवर. तरी ते स्वतःच म्हणाले, "ह्यो म्हणतोय म्हंजे तसंच असंल. दवाखान्यात मी गुंगीत हुतो, तवा घेतला असंल कुणीतरी." माझ्यावरचा विश्वास मोडू नये म्हणून त्यांनी स्वतःची आठवण मोडली. परत येताना एस.टी. स्टँडवर मला चहाही पाजला, डाव्या हातानं कप पुढे करत. "फारम भर रं वकील. आमच्यातला एक तरी आत जाऊ दे."

तेव्हापासून तुमचा अडकित्ता थांबल्याचा आवाज कानात आहे. ज्याचं काही जाऊ शकते, त्यालेच उभं राहू देतात. माझं काय जाणार होतं? नोकरी जाईल, मालक काढेल. कदाचित माझ्यावरच केस होईल आणि तुमचा शब्द खरा होईल, मी पक्षकार होईन. एवढ्यालाच मी भ्यालो. सनद नसतानाच मी ती वाचवत बसलो, आणि तात्यांचं गेट बंद केलं.

आज सकाळी ठरवलं होतं, तुमच्यासारखं करायचं. तात्यांच्या गावी जायचं, उरलेला हा कागद त्यांच्या डोळ्यांसमोर फाडायचा, तुकडे हातात द्यायचे. चप्पल घालेपर्यंत ध्यानात आलं की हा कागद फाटला तर मीच वाचतो. मी असे कोरे कागद घेतले होते, याचा पुरावा जगात हा एकच आहे. तुम्ही फाडायचे ते त्या बाईसाठी. मी फाडणार होतो माझ्यासाठी, वर तुमचं नाव सांगून. येत्या गुरुवारी पेशी आहे. कागद घेऊन जाईन म्हणतो. म्हणतो, एवढंच आज लिहिता येतं.

फॉर्म पेटीत आहे, भरलेला नाही. हे पत्रही त्याच पेटीत राहील, जायला पत्ता कुठे आहे त्याला. आणि एक सांगायचं राहिलं. हे पत्र मी आधी त्या ठशाच्या कागदावरच लिहायला बसलो होतो. तुम्हाला लिहून तो कागद भरून टाकला असता तर तो कोरा राहिलाच नसता, आणि मला फाडावाही लागला नसता. पेनाचं टोपण काढलं होतं, बाबा. मग वहीचं पान घेतलं.