सेंटर हाफ हलत नाही

२१ नोव्हेंबर १९५५, सोमवार
काल सेमी फायनल जिंकलो. ६-५. पण आज कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चर्चा फक्त त्या पाचांची. मी सेंटर हाफ, म्हणजे मधला बचाव. पाचही वेळा त्यांचा फॉरवर्ड माझ्या बाजूने गेला, मान्य. पण बाजूने. समोरून एकही गेलेला नाही.
कॅप्टन शशिकांत म्हणाला, मधूभाऊ, आपली टीम चढाईची. सगळे पुढे धावतात, मागे कोणीतरी चपळ पाहिजे. मी म्हटलं, सगळेच धावत सुटल्यावर एकाने जागेवर राहायला नको का? चहा संपवून उठला. पटलं असावं.
सौ. मालिनी मॅचला आली होती. शेवटी शेवटी उठून गेली. ऊन लागलं म्हणाली.
संकल्प: उद्यापासून पहाटे शिवमंदिरापर्यंत धावणे.

२२ नोव्हेंबर
थंडी. उद्यापासून.

२३ नोव्हेंबर
धावलो. देवळाच्या बरंच अलीकडे जो पिंपळ आहे तिथपर्यंत. येताना टांगा. टांगेवाला ओळखीचा निघाला, नाही म्हणता येईना.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ
प्रॅक्टिसला नवा माणूस. पालेगावचा नाथा, पॅकिंग खात्यातला. अनवाणी खेळतो. म्हशींमागे धावून पाय तयार झालेत म्हणे. फुटबॉल म्हणजे काय म्हैस आहे? मला म्हणतो, तुमी रवा उबे, मी हाय ना. उभं राहायला मला याची परवानगी लागणार आता.
शशिकांत सर्वांदेखत म्हणाला, फायनलला नाथाला ट्राय करू का? माझा सख्खा धाकटा भाऊ बाळ तिथेच बसला होता. तोही पॅकिंग खात्यात, टीममध्ये राखीव. दादाच्या बाजूने एक शब्द बोलेल तर शपथ. बुटाची नाडी बांधत बसला. मी सांगून टाकलं की मी फिट आहे आणि फायनल मीच खेळणार. शशिकांत म्हणाला, बघू.
वाईट वाटलं. या टीमला नेट नव्हतं तेव्हापासून मी आहे.

४ डिसेंबर, रविवार
मालिनीचे अण्णा बदलापूरहून खास फायनलला येणार. मीच पत्र टाकलं होतं. जावई सेंटर हाफ आहेत हे त्यांनी गावभर केलंय. मालिनीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. आनंद दाखवायची सवय नाही तिला.
हा माझा शेवटचा सीझन. अडतिसावं चालू आहे. शील्ड हातात धरून एक फोटो, अण्णांच्या समोर. बाकी काही नको.

६ डिसेंबर
मालिनीला घेऊन कापड घ्यायला उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये गेलो. दुकानदार किशिनचंद, म्हणजे फायनलला आमच्याविरुद्ध असलेल्या टीमचा कॅप्टन. मला बघून गादीवरून उठला. साईं, फायनल में आप ही खेलोगे ना? पक्का? मी म्हटलं, पक्का. हात दोन्ही हातांत धरले. शेजारून पितळी डबा भरून मिठाई मागवली आणि म्हणाला, तबियत संभालना, साईं, ज़ुकाम भी नहीं होना चाहिए.
विरुद्ध टीमला माझी किंमत कळते. घरच्यांना कळत नाही. येताना मालिनी वाटभर डब्याकडे बघत होती.

१० डिसेंबर, शनिवार
पाळ्यांचा तक्ता लावला. टाइम ऑफिसचं ते काम माझंच. पुढल्या आठवड्यात नाथा दुसऱ्या पाळीत, तीन ते अकरा. फायनल शनिवारी साडेचारला. योगायोग. तक्ता न्यायाने केला आहे, याची इथे नोंद असावी.
सकाळी धावलो नाही. आता गरज वाटत नाही.

१४ डिसेंबर
लग्नसराई, त्यामुळे पाळीबदलाच्या चिठ्ठ्यांचा ढीग. दोघा कामगारांनी आपसांत ठरवून सह्या करायच्या, टाइम ऑफिसचा शिक्का बसला की झालं. चोवीस चिठ्ठ्या चार मिनिटांत उडवल्या. वाचत बसलो नाही. मला मंद म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन माझा हात बघावा.

१६ डिसेंबर
बूट सापडेनात. शेवटी पाण्याच्या पिंपामागे मिळाले. मालिनी म्हणाली, उंदीर. बारा नंबरचा बूट ओढणारा उंदीर आमच्या बुवापाड्यात आहे हे ठाऊक नव्हतं.
बाळ विचारत होता, दादा, उद्या तू नुसता बघायला बसलास तर? मी म्हटलं, वेडा आहेस.

१७ डिसेंबर, दुपारी १.१५, ऑफिसातून
गेटवर नाथा. अंगात टीमची जर्सी. म्हटलं, तीनला तुझी पाळी आहे. त्याने खिशातून चिठ्ठी काढली. शनिवारी नाथाच्या जागी दुसरी पाळी करणार: बाळ. बाळची सही. खाली शिक्का. सरळ, ठसठशीत, माझा.

२.५०
बाळ जेवणाचा डबा घेऊन पाळीवर आला. त्याला फायनल बघायलाही मिळणार नाही. मी म्हटलं, सख्खा भाऊ असून फितूर झालास? तो म्हणाला, वहिनीने सांगितलं. सेमी फायनलला पाचव्या गोलनंतर लोक तुला हसत होते, तेव्हा ती पंपाच्या खोलीमागे जाऊन रडली. अण्णांसमोर तसं नको म्हणाली.
म्हणजे भाऊ आणि बायको, दोघं. आणि शिक्का मारणारा मी.

रात्री ८
जिंकलो. २-०. नाथा सगळीकडे होता. पण टीमने गोल किती मारले? फक्त दोन. मी असतो तर सहा मारावे लागले असते.
अण्णांनी विचारलं, जावईबापू बाहेर का? मालिनी पटकन म्हणाली, पाय मुरगळलाय. म्हाताऱ्याने मॅचभर माझा पाय आपल्या खुर्चीवर ठेवून घेतला आणि स्वतः उभा राहिला. मालिनीकडे मी बघितलं नाही. तिनेही नाही.
मॅच संपल्यावर शशिकांतने हाक मारली, मधूभाऊ, फोटोला या. मैदानाच्या पार त्या टोकाला. अण्णा बघत होते, तेव्हा लंगडत जाणं भाग होतं. मी पोचेपर्यंत फोटो निघाला होता.
तिथे किशिनचंद भेटला. हरलेला माणूस, डोळ्यांत पाणी. माझे हात दोन्ही हातांत धरले आणि म्हणाला, साईं, आपने पक्का बोला था. आप खेलते तो हम जीत जाते.
मी खेळलो नाही याचं मनापासून दुःख झालेला सबंध मैदानावर तो एकटाच.
घरी आल्यावर मालिनीने पाय शेकायला गरम पाणी आणून ठेवलं, अण्णांच्या देखत. पाय बुडवून बसलोय. मिठाई संपली, डबा घासून ठेवायला सांगितलाय. उद्या रविवार, परत नेऊन देईन.