खिडकी क्रमांक दोन न सोडण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
पूर्णामाई हळद उत्पादक सहकारी संस्था मर्यादित,
ता. वसमत, जि. हिंगोली.

अर्जदार : सपना मुंजाजी खिल्लारे, लिपिक (काटापावती), रा. कुरुंदा.

विषय : झटका येण्यापूर्वी लेखी कळविणे शक्य नसल्याबाबत, तसेच बारदानाच्या खोलीत बसणार नसल्याबाबत.

संदर्भ : आपला आदेश, दि. १९ मे २०२५.

महोदय,

संदर्भीय आदेश अर्जदारास मिळाला. अर्जदाराने तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला आणि घरी आईलाही वाचून दाखवला. आई म्हणाली, "साहेबाला इचार माय, शिंकायच्या आधी तुमी अर्ज देता का म्हून." सदर प्रश्न आईचा असल्याने जसाच्या तसा सादर करण्यात येत आहे.

१. आदेशात नमूद आहे की, अर्जदाराने फिट येण्याच्या किमान तीन दिवस अगोदर कार्यालयास लेखी कळवावे, जेणेकरून पर्यायी व्यवस्था करता येईल. याबाबत नम्रपणे कळविण्यात येते की, अर्जदाराकडे मिरगी आहे, पंचांग नाही. मामेबहिणीच्या मंगल परिणयात वधूवर एकमेकांना हार घालीत असताना झटका आला होता. त्याला तिथेही कुणी आमंत्रण दिले नव्हते.

२. मागील बाजाराच्या दिवशी खिडकीवर जे घडले त्यातले अर्जदारास काहीही आठवत नाही. पुढील मजकूर रांगेतल्या लोकांनी सांगितला तसा आहे. अर्जदार स्टुलावरून खाली पडली, हातपाय झाडले, जीभ चावली, कपडे ओले झाले. हे लिहिताना अर्जदारास लाज वाटत नाही. आदेशात त्याला "अशोभनीय प्रकार" म्हटलेले वाचले तेव्हा मात्र राग आला. रांगेतले श्री. थावरा राठोड यांनी मायेपोटी पायातली चप्पल काढून अर्जदाराच्या नाकाशी धरली. शिपायाने हातात किल्ल्या कोंबल्या. आपण केबिनचे दार लावून घेतले. पावतीसाठी उभ्या असलेल्या लक्ष्मीबाईंनी मात्र ती चप्पल बाजूला सारली, डोक्याखाली रिकामे पोते घडी करून ठेवले आणि अर्जदारास कुशीवर वळवले. कुणीतरी तोंडात चमचा घालायला निघाले होते, त्याला त्यांनी "लेकराचे दात पाडतो का रे?" म्हणून हुसकावून लावले. अर्जदार शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "पड जरा माय. माझी पावती काय पळून न्हाई चालली." थोड्या वेळाने ती पावती अर्जदारानेच केली. वजनात चूक असल्यास आपण दाखवावी.

३. आदेशात पुढे असे की, अर्जदाराने यापुढे मागच्या बारदानाच्या खोलीत, दार लोटून, एकटीने जुन्या पावत्या लावीत बसावे, म्हणजे सभासदांच्या मनावर परिणाम होणार नाही. आपण तोंडीही म्हणालात की, फिटच तर असते, आपोआप जाते. बहुतेक वेळा जाते, साहेब. एखाद्या वेळी जात नाही.

अर्जदाराचा थोरला भाऊ धम्मदीप यालाही हाच आजार होता. घरी पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवीत, चारचौघांत हसे नको म्हणून. असेच एकदा पाहुणे आले होते. पुढच्या खोलीत चहापाणी, हसणेखिदळणे चालले होते. मागे त्याला झटका आला आणि तो वाकळेवर पालथा पडला. सगळे आटोपल्यावर आई त्याचा चहा घेऊन आत गेली. त्याला कुशीवर वळवायला एक माणूस पुरे होता आणि पुढच्या खोलीत माणसेच माणसे होती. मिरगीने माणूस मरतो, महोदय. अर्जदाराच्या घराने जे लाजेपोटी केले, तेच आपण आता शिक्का मारून करीत आहात. अर्जदार ते होऊ देणार नाही.

४. अर्जदार वेळच्या वेळी गोळ्या घेते, डॉक्टर बोलावतील तेव्हा नांदेडला जाते, गाडी चालवीत नाही, विहिरीवर एकटी जात नाही. बाकी सगळे करते. ऐन हंगामात ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत गेली तरी तिच्या खिडकीवर भांडण झालेले नाही. सबब स्टुलाऐवजी हात असलेली खुर्ची द्यावी आणि खिडकीशेजारी ठळक अक्षरांत सूचना लावावी : झटका आल्यास कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा. चपला पायातच राहू द्याव्यात. थावराभाऊंनी चप्पल धरली ती जीव तुटला म्हणून, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांना सूचना अर्जदार स्वतः वाचून दाखवील.

५. एवढे करूनही कार्यालयास पूर्वसूचना हवीच असेल, तर हा अर्ज हीच पूर्वसूचना समजावी. अर्जदारास पुन्हा झटका येऊ शकतो. तारीख सांगता येत नाही, वेळ सांगता येत नाही. जागा तेवढी सांगता येते : खिडकी क्रमांक दोन, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत. त्या वेळी आपल्या केबिनचे दार उघडे असावे, ही विनंती.

कळावे. उद्या सकाळी नेहमीच्या वेळी खिडकी उघडण्यात येईल.

आपली, कामावर हजर,
(सही)
सपना मुंजाजी खिल्लारे
कुरुंदा, दि. २२ मे २०२५

सोबत :
१. डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
२. खिडकीशेजारी लावावयाच्या सूचनेचा मजकूर.
३. आदेशासोबत मिळालेली बारदानाच्या खोलीची किल्ली, साभार परत.