कडबाकुट्टीचा दाखला

पिंपळे गुरव,
बुधवार

तीर्थस्वरूप धर्मामामांस गणराजचा शिरसाष्टांग नमस्कार. (त्यातलं शिर तेवढं खरं धरा. हात जोडायला सध्या अडचण आहे, कारण पुढे येईल.) मामींचे गुडघे, तुमचा खोकला आणि शेजारच्यांशी चाललेला बांधाचा वाद, तिन्ही पूर्वीसारखेच असतील. फोनच करणार होतो, पण तुम्ही फोनवर ऐकता कमी आणि बोलता जास्त, शिवाय मला जे हवंय ते फोनवरून मिळण्यासारखं नाही. अक्षर मिनलचं आहे, मजकूर माझा. तुमचा ज्ञानेश मजेत आहे. तुमच्या शब्दाखातर त्याला चाकणला आमच्या कंपनीत चिकटवला, तो माझ्याच शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या विभागात, माझ्या नजरेसमोर असतो, त्यामुळे घोर नसावा. उद्या गुरुवारची सुट्टी म्हणून तो ओतूरला घरी येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतो.

तुम्हाला माहीतच आहे, मी कंपनीत सेफ्टीचा माणूस. म्हणजे लोकांनी हेल्मेट घालावं म्हणून ओरडायचं, आणि पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनखाली कुणाचा हात जाऊ द्यायचा नाही. ओरडून घसा बसला, फरक शून्य. मग विजयश्री मॅडम म्हणून एक बाई शिकवायला आल्या. त्यांचं म्हणणं, माणूस भीतीने सुधारत नाही, त्याला आतून इच्छा व्हावी लागते. आमच्या साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच मिक्सर जाहीर केले. वर्षभर एकही अपघात झाला नाही तर शॉपमधल्या प्रत्येकाला एक मिक्सर, तीन भांड्यांचा. (आपण म्हणालो ते हे नव्हे, असं सांगायला मॅडम पुन्हा आल्या होत्या. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.) नमुन्याचा मिक्सर गेटजवळ काचेच्या कपाटात ठेवला. येता-जाता लोक त्याला नमस्कार करायला लागले.

काय सांगू मामा, इच्छा एवढी आतून आली की कंपनीतले अपघात एका दिवसात बंद झाले. सगळे घरी व्हायला लागले. कुणाचा पाय बाथरूममध्ये घसरला, कुणाची बोटं कपाटाच्या दारात सापडली. चाकणपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत सुरक्षित जागा एकच, ती म्हणजे आमचा प्रेस शॉप, आणि लोकांनी बायकापोरं तिथे आणून ठेवावीत, असं मला वाटायला लागलं. पण समाधानचा तळहात फाटला तेव्हा पंचाईत झाली. तो राहतो पुनावळ्यात, अकराव्या मजल्यावर. तिथे तळहात फाटावा असं असतं काय? सगळे डोक्याला हात लावून बसले, तेव्हा मीच तुमच्या कडबाकुट्टीचं नाव काढलं. गुरुवारी समाधान माझ्याबरोबर मामांकडे गेला, वैरण कापायला हात लावला आणि लागलं, असं ठरलं. साहेबांनी शंभर टक्के मान्य केलं. त्यानंतर आणखी काही जणांनी तिचा लाभ घेतला. तुमची कडबाकुट्टी आमच्या शॉपला ग्रामदैवतासारखी पावते, आणि तुम्हाला पत्ताही नाही.

आता माझं ऐका. आमच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात मध्ये राहायचा प्रश्नच नाही. पण एक हात मोकळा असला की काम भरभर होतं, म्हणून उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायम दाबलेलं ठेवायची पद्धत आहे. दसऱ्याला याच मशीनला झेंडूची माळ घालतील, चुकून पाय लागला तर पाया पडतील, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच श्रद्धेने पाचर ठोकतील. पाचर काढली की माल कमी निघतो, आणि माल कमी निघाला की साहेब मला बोलावतात. म्हणून त्या बाजूला मी फिरकत नसे.

परवा सेफ्टी सप्ताहाचा फोटो काढायचा होता. त्या मशीनवर गोरक्ष असतो, कामाला वाघ. त्याला बाजूला करून मी स्वतः उभा राहिलो, उजव्या हाताचं बोट ठोकळ्याखाली धरून म्हणालो, इथे हात कधीच घालायचा नाही, आणि ऐटीत डावा हात टेकवला. तो नेमका डाव्या बटणावर. उजव्यातली पाचर गोरक्षने बटणाच्याच हिरव्या रंगात रंगवली होती, इतकी सुबक की मला दिसलीच नाही. फोटो छान आला म्हणतात.

बोटाचं वरचं पेर राहील की जाईल, हे डॉक्टर पट्टी सोडल्यावर सांगणार आहेत. फार दुखतं, मामा. मी भानावर आलो तेव्हा सगळा शॉप भोवती उभा होता. गोरक्ष कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मिक्सर."

मी म्हणालो, घरी लागलं. (मिनल इथे पेन थांबवून माझ्याकडे बघतेय. लिही म्हटलं, लिही.)

मामींना नमस्कार. उन्हात फिरू नका.

तुमचा भाचा,
गणराज

ता.क. मुख्य काम राहिलंच. साहेब म्हणतात, सेफ्टीच्याच माणसाला लागलंय, तेव्हा तोंडी चालणार नाही. तरी भाचा आमच्याकडे आला असता कडबाकुट्टीत त्याचं बोट सापडलं, असा तुमच्या हातचा कागद ज्ञानेशबरोबर पाठवा. सरपंचांचा शिक्का असला तर उत्तम. "आमी खोटं लिवत न्हाई" असं म्हणाल, म्हणून आधीच सांगतो, यात खोटं काही नाही. बोट खरं आहे, लागलंय तेही खरं आहे, पत्ता तेवढा बदललाय. मिक्सर मामींना देईन.

दुसरा ता.क. आनंदाची बातमी द्यायची विसरलो. ज्ञानेशला शुक्रवारपासून मोठं मशीन मिळतंय.

तिसरा ता.क. मामा, हे मिनल लिहितेय. हे औषध घेऊन झोपलेत. ज्ञानेशभाऊजींना मिळालंय ते हेच मशीन. गोरक्षभाऊ बघायला आले होते, त्यांना पाचरीचं विचारलं, तर म्हणाले, जुनी फुटली, नवी बसवली. तुमचा कागद आला की त्या मशीनवर कधी काही झालंच नाही असं होईल. आणि कडबाकुट्टी तुम्ही गाईंबरोबर केव्हाच विकलीत, हे मामींनी मला सांगितलंय, यांना ठाऊक नाही.

पत्र घेऊन ज्ञानेशभाऊजी समोर उभे असतील. कागद लिहायला घेण्याआधी त्यांचे दोन्ही हात एकदा हातात घेऊन बघा. सगळी बोटं अजून जागेवर आहेत.