खोकल्याची मालकी

गुरुवार, २७ फेब्रुवारी

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या भावजयीचा नमस्कार, अडुसष्टाव्या वर्षी कंबर जितकं वाकू देते तितकं वाकून. तुमचा गुडघा जिना चढू देत असेल, नवी कवळी बोलताना सुटत नसेल आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आता खुर्च्या उचलून ठेवत असतील, असं धरून चालते आणि मुद्द्यावर येते. मंगळवार, दिनांक १८ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी (घड्याळ मुलांच्या डॉक्टरांच्या भिंतीवरचं, हत्तीच्या पोटात बसवलेलं, त्यामुळे मिनिट इकडेतिकडे होऊ शकतं) एका पोरसवदा डॉक्टरने माझी सून आणि तीन अनोळखी आया यांच्यादेखत मला सांगितलं, की आमच्या बाळाचा खोकला बाळाचा नाहीच, तो माझा आहे. तेव्हापासून बाळाला मांडीवर घ्यायला मला बंदी आहे. माझ्या छातीचा फोटो निघून त्यात काही नाही असं ठरेपर्यंत ही बंदी उठणार नाही. आज नववा दिवस.

आता पहिल्यापासून सांगते. ढब्बूला, म्हणजे तुमच्या भावाच्या नातीला, तुम्ही तीन आठवड्यांची असताना पाहिलंत आणि नाक आपल्याकडचं आहे असा निकाल देऊन गेलात. आता ती नऊ महिन्यांची आहे आणि नाक गालांत बुडालेलं असल्याने तुमचा निकाल तपासता येत नाही. चिरंजीव सहा महिन्यांसाठी बोटीवर गेले आणि सूनबाई पुलांचे नकाशे काढायला कचेरीत परत रुजू झाली. नोव्हेंबरात ढब्बूला अर्धा दिवस पाळणाघरात ठेवायचं ठरलं. तिथे अकरा मुलं आहेत आणि त्यांच्यात मिळून एक सर्दी आहे, जी ती आळीपाळीने वापरतात. चौथ्या दिवशी ढब्बूचा नंबर लागला. खोकला दहा दिवस राहिला, गेला, आणि छत्री विसरल्यासारखा पाचव्या दिवशी परत आला. जानेवारीत तिसऱ्यांदा आला तो सामानसुमान घेऊनच. तिच्या पाठीवर हात ठेवला, की आत मांजर गुरगुरल्यासारखं व्हायचं. खोकून झालं, की ती आमच्याकडे अशी बघायची, जणू तिला कोणीतरी मागून ढकललं होतं आणि ते आम्ही तर नव्हतो ना, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. वन्सं, मी नोकरीत चार मॅनेजर पाहिले, दोन संप पाहिले, पण तशा नजरेपुढे उभं राहायची मला सवय नव्हती.

पहिल्या भेटीतच घोटाळा झाला. डॉक्टरने (त्याच्या स्टेथोस्कोपला एक चिंधीचा जिराफ लोंबतो, त्यामुळे घरात त्याला आम्ही जिराफवाला म्हणतो) विचारलं, "कफ आहे?" मी अकरा वर्षं नन्सच्या शाळेत शिकलेली, तिथे कफ या शब्दाचा खोकल्याशिवाय दुसरा अर्थ नव्हता. मी म्हटलं, "आहे. रोज सतरा वेळा." तो दचकला. "सतरा वेळा? रंग कसा असतो?" मी म्हटलं, खोकल्याला रंग असतो हे मी प्रथमच ऐकते. तेवढ्यात तुमचे बंधू, ज्यांना हल्ली प्रश्नाचा शेवटचाच शब्द ऐकू येतो, मागून म्हणाले, "पिवळा. पण धुतल्यावर फिका पडला." ते ढब्बूच्या स्वेटरबद्दल बोलत होते. जिराफवाल्याने पेन खाली ठेवलं. सूनबाईने मग इंग्रजी कफ आणि मराठी कफ वेगळे करून दिले, एक जो ऐकू येतो तो आणि दुसरा जो रुमालात सापडतो तो. त्यावर त्याने सांगितलं, की या वयात खोकल्याचं औषध द्यायचं नसतं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वारंवार दूध, झोपेतून उठली की थोडा वेळ उभं धरायचं, आणि धीर. (धीर किती चमचे, दिवसातून किती वेळा, हे लिहून दिलं नाही.) शिवाय कधी, कितीदा आणि कसा खोकते याची नोंद ठेवा म्हणाला.

नोंद ठेवा हे त्याने चौतीस वर्षं विमा कंपनीत लघुलेखिका असलेल्या बाईला सांगितलं. मी त्याच संध्याकाळी वही आखली. कोरड्या खोकल्याला बारीक रेघ, ओल्याला जाड, भुंकल्यासारख्याला आकडा, आणि खोकून रडली तर खाली टिंब. तुमचे बंधू थेंब घालताना तिचं डोकं धरायचे आणि नेहमी चुकीच्या बाजूने, त्यामुळे निम्मं मिठाचं पाणी त्यांच्या बाहीत जायचं. सूनबाई दुपारी कचेरीतून फोन करून विचारायची, "आई, कसं आहे?" आणि मी वही वाचून दाखवायचे, तर ती म्हणायची, "आई, आकडे नको, ती हसते आहे का एवढंच सांगा." मग मी तोही रकाना वाढवला.

वहीतून एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. जाड रेघा कमी होत गेल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जवळजवळ संपल्या. पण सहा तारखेपासून एक नवाच प्रकार सुरू झाला. दोन तुटक, ओठ मिटून, आणि त्यावर एक 'हं'. झोपेत कधीच नाही. दूध पिताना नाही. पाळणाघरात तर एकदाही नाही, असं तिथल्या बाई सांगत होत्या, म्हणून त्या काहीतरी लपवत आहेत असं ठरवून मी त्यांना दोन पानी पत्र लिहिलं. (त्यांनी उत्तर दिलं नाही. आता वाटतं, चांगल्या घरच्या आहेत.) हा खोकला फक्त घरी यायचा, आणि बहुतेक वेळा मी दुसऱ्या खोलीत असताना. मी धावत जाऊन उचलून घेतलं, की थांबायचा. म्हणजे माझ्या हाताला गुण आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. आता हसू नका.

तर अठरा तारीख. ढब्बू तपासणीच्या टेबलावर जिराफाचा कान चोखत बसलेली, दार अर्धवट उघडं, बाहेर त्या तीन आया. मी उभी राहून वही वाचत होते. "दोन तुटक, ओठ मिटून" इथपर्यंत आले आणि माझाच घसा अडला. ख्‌-ख्‌-हं. टेबलावरून उत्तर आलं, ख्‌-ख्‌-हं, आणि बाईसाहेब दोन्ही दात दाखवून हसल्या. डॉक्टर म्हणाला, "आजी, परत एकदा." मी म्हटलं, मी इथे गाणं म्हणायला आलेले नाही. पण घसा माझी परवानगी घेत नाही. मी पुन्हा खोकले, ती पुन्हा खोकली. तिसऱ्या वेळी बाहेरची एक आई फिसकन हसली. जिराफवाल्याने ढब्बूची छाती मागून पुढून ऐकली, जिराफ सोडवून घेतला आणि म्हणाला, "छाती स्वच्छ आहे. हा खोकला हिचा नाही, आजी, तुमचा आहे. हिला वाटतं, तुमचं नावच हे आहे."

घरात कोणीही शिकवलेलं नसताना तिने एक नाव ठेवलं, आणि ते माझं ठेवलं. तुमच्या भावाला ती अजून काहीही म्हणत नाही. पण आनंद मानायला तिथे कोणी वेळ दिला नाही, कारण त्याने लगेच विचारलं, "तुम्हाला किती दिवस झाले?" मी म्हटलं, मला खोकला नाही. सूनबाई खाली बघत म्हणाली, "ऑक्टोबरपासून, आई." म्हणजे वही एकटी मीच ठेवत नव्हते. त्यावर त्याने मुलांच्याच कागदावर माझ्या छातीचा फोटो लिहून दिला. त्या कागदावर महिने हा शब्द छापलेलाच असतो आणि तो खोडायला तो विसरला, त्यामुळे सरकारदरबारी माझं वय आता अडुसष्ट महिने आहे. आणि फोटो येईपर्यंत बाळाला थोडं लांब ठेवा, नुसती काळजी म्हणून, असंही म्हणाला. मायेने म्हणाला, हे कबूल करते. म्हणूनच जास्त लागलं.

तेव्हापासून मी आतल्या खोलीत आणि ढब्बू बाहेर. तुमचे बंधू तिला वर्तमानपत्र धरावं तशी दोन्ही हातांनी लांब धरतात आणि वाचायला काही मिळत नाही म्हणून खाली ठेवतात. मग ती रांगत माझ्या दाराशी येते. फळीवर चापट मारते. ख्‌-ख्‌-हं. आणि थांबते, मान कलती करून, हे मला दाराच्या फटीतून दिसतं. मी बोलून उत्तर दिलं तर तिला पटत नाही. बोलणारी बाई वेगळी, खोकणारी आजी वेगळी, असा तिचा हिशेब आहे. आणि खोकून उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून तोंडात रुमाल धरून बसते. ती पुन्हा हाक मारते, जरा मोठ्याने. मग दाराला चार शब्द सुनावते आणि जाते. काल सात वेळा आली. हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं, कारण फोनवर मी खोकले असते आणि ती दाराशी येऊन बसली असती. तुम्हीही फोन करू नका.

आता काम. तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्या, तीस वर्षं गणिताच्या बाई, तुमच्या अक्षरावर कोणी शंका घेत नाही. तुम्ही मला एक दाखला लिहून द्या. त्यात असं म्हणा, की ही बाई चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरात आली तेव्हापासून अशीच खोकते. आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी खोकायला बंदी होती. खोकला आलाच तर ओठ मिटून दोनदा, आणि वर एक 'हं', तो माफीचा. ती सवय अंगात मुरली. तुम्हाला आठवत असेल, पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलं होतंत, "तुला काही म्हणायचंय का?" आणि त्यावरून आपण दोघी दोन वर्षं कामापुरतंच बोलत होतो. तर हा आजार नव्हे, वळण आहे, त्यासाठी फोटोची गरज नाही, असा दाखला, तारीख आणि पूर्ण सही घालून, सोमवार दिनांक ३ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हातात पडावा. न पडल्यास या घरात माझ्यासारख्या जुन्या सुनेची बाजू घेणारं कोणी नाही, असं मी समजेन, आणि तसं ढब्बूला मोठेपणी सांगेन.

तुमच्या गुडघ्याची आठवण ठेवून,

आरोप अजून सिद्ध न झालेली,
तुमची भावजय

ता. क. तुम्ही पाठवलेला मध ढब्बूला दिलेला नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, हे तुम्हाला मीच आधी कळवायला हवं होतं. बाटली तुमच्या भावाने बिस्किटांबरोबर संपवली. त्यांना खोकला नव्हता, आता तर नाहीच.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघाले होते, ते परत आणून उघडलं. जिन्यात दोनदा थांबावं लागलं. वन्सं, तो दाखला लिहू नका. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही आणि ते खोटं होईल. जुना खोकला दोन आणि एक 'हं' एवढाच होता. आता त्या 'हं'च्या मागे आणखी बरंच असतं, ते मी गिळते. डॉक्टरने ते ऐकलेलं नाही. ढब्बूला मी जेवढा खोकला बाहेर पडू देते तेवढाच ठाऊक. सूनबाई मात्र न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उगाच उभी असते, आणि मी बाहेर आले की म्हणते, "टॉवेल विसरला होतात." मी टॉवेल कधीच विसरत नाही.

ता. क. तिसरा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही तुमच्या तपासणीला एकट्या गेलात आणि सगळं आटोपल्यावर आम्हाला कळवलंत, तेव्हा ताठा आहे असं मी चारचौघांत बोलले होते. माझी चूक झाली. दवाखान्यातल्या त्या बाकावर बसल्यावर चेहरा कसा होतो, तो घरच्यांनी बघू नये असं वाटतं, एवढंच ते असतं. खरं तर मी आज सकाळीच फोटोची वेळ घेतली आहे. बुधवार, ५ मार्च, साडेदहा. सूनबाई रजा काढते म्हणते, पण ती वाटेतच रडेल. तुमचे बंधू सगळ्या रोग्यांशी ओळख करून घेतील. मला शेजारी असं कोणीतरी हवं आहे, जे "काही नसेल गं" म्हणणार नाही. चव्वेचाळीस वर्षांत तुम्ही मला एकही गोष्ट बरं वाटावं म्हणून सांगितलेली नाहीत, म्हणून तुम्हीच या. मंगळवारची दुपारची बस बरी, तिला गर्दी नसते. उत्तर लेखी हवं, एका शब्दात, 'येते' किंवा 'येत नाही', कारणं नकोत, आणि ते सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत इथे पोचलं पाहिजे.