सव्विसावा हंगाम

१० फेब्रुवारी २००९

फोन आला! नेब्रास्काहून, त्या मोठ्या विद्यापीठातून! मी मैदानावर ट्रॅक्टर फिरवून लाल माती सारखी करत होते, त्यामुळे पहिल्या वेळी ऐकूच आला नाही. बाई म्हणाल्या, "कोच टॅकेट, आमच्या मुख्य कोच या हंगामानंतर निवृत्त होताहेत. तुम्ही येऊन भेटाल का?"

चोपन्न वर्षांची झाले. पंचवीस हंगाम या सीडर फोर्क कॉलेजात सॉफ्टबॉल शिकवला. मुलींचे गणवेश धुतले, व्हॅन चालवली, चुन्याच्या रेघा मारल्या. आता आठवण झाली यांना!

ग्लेन्डाने विचारलं, "कुणाचा गं?" म्हटलं, विमावाल्याचा. अकरा वर्षं माझी साहाय्यक आहे ती. पहिल्यांदाच खोटं बोलले तिच्याशी.

११ फेब्रुवारी

झोप नाही. जायचं की नाही — अजून त्यांनी बोलावलंय कुठे?

१ मार्च

जाऊन आले. इथे सगळ्यांना सांगितलं, बहिणीकडे कॅन्ससला जातेय.

छताखाली अख्खं मैदान आहे त्यांचं! बर्फ पडो, वारा सुटो, सराव चालूच. आणि कपडे धुवायला वेगळा माणूस! मला हसू आलं तर सोबतची बाई गोंधळली. नोकरी तुमचीच, पंधरा तारखेपर्यंत कळवा म्हणाल्या. येताना वाटेत दोनदा गाडी थांबवून उगाच उतरले.

७ मार्च

हरलो. शॉनाने चेंडू झकास टाकले, पण मागे दोन झेल सुटले.

शॉना बॅटिएस्ट — आमची पिचर, दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आणायला मी स्वतः डोंगरातल्या तिच्या घरी गेले होते. वडील लाकडाच्या गिरणीत. तळलेला मासा आणि भेंडी पोटभर वाढली त्यांनी, आणि एकच विचारलं, "चारही वर्षं तुम्ही असाल ना?" मी तोंड पुसत म्हटलं, "असेन की!"

किती सहज म्हणाले!

१४ मार्च

हो म्हटलं.

मग डायरेक्टर प्रुएटकडे गेले. कॉलेजचे सगळे खेळ त्याच्या हाताखाली. मी इथे आले तेव्हा तो बारा वर्षांचा असेल. उठून उभा राहिला, हात पुढे केला. "अभिनंदन, कोच! तुमच्या कष्टाचं चीज झालं. मुलींना हंगाम संपल्यावरच सांगू या."

राहा म्हणाला नाही. उपचार म्हणूनसुद्धा नाही!

ग्लेन्डाला सांगितलं. ती पाण्याचं पिंप भरत होती.

"हो म्हणालीस ना?"

"हो."

"बरं केलंस."

"एवढंच? तुला काहीच वाटत नाही?"

"काय वाटायचंय? झाकण दे इकडे."

संताप आला. झाकण दिलं नाही. तिने वाकून स्वतःच घेतलं.

२ एप्रिल

फुटलं. नेब्रास्काच्या पेपरात बातमी आली आणि टेसाच्या हाती लागली. टेसा आमची कॅचर — बॅटवालीच्या मागे मुखवटा लावून चेंडू झेलणारी — तिसऱ्या वर्षाची, तोंडाने तिखट. सरावाला आले तर सतराच्या सतरा जणी रांगेत उभ्या. एकीच्याही हातात ग्लव्ह नाही.

टेसा म्हणाली, "कोच, पुढच्या वर्षी आम्ही 'कोच' कुणाला म्हणायचं, ते तेवढं सांगून ठेवा."

मी म्हटलं, "चांगलीच कुणीतरी येईल. माझं ऐकलं तर ग्लेन्डालाच करतील." ग्लेन्डा पाठ फिरवून बॅटी गोळा करायला लागली. एकही बॅट खाली पडलेली नव्हती.

शॉना ओरडली वगैरे नाही. एवढंच विचारलं — "बाबांना काय सांगू?"

मी म्हटलं, चला, धावायला लागा. धावल्या. माझ्याकडे न बघता.

३ एप्रिल

"हो कोच. नाही कोच." दिवसभरात एवढंच.

११ एप्रिल

दोन्ही सामने जिंकलो. रागाने खेळताहेत पोरी! टेसा दुसऱ्या बेसवर असा चेंडू फेकते की जणू तिथे मीच उभी आहे. जिंकल्यावर नाचल्या — माझ्यापासून वीस पावलं लांब. ग्लेन्डाला मात्र मध्ये ओढलं. व्हॅन मी चालवत होते. मी रेडिओ लावला. कुणीतरी बंद करायला सांगितलं. केला.

२५ एप्रिल

काय दिवस!

अंतिम सामना. पाचव्या इनिंगमध्ये आम्ही दोन-एक पुढे, आणि टॉर्नेडोचा, घरं उडवणाऱ्या वावटळीचा, इशारा देणारा भोंगा वाजला. दोन्ही संघ पळत कपडे बदलायच्या खोलीत, सिमेंटच्या फरशीवर डोक्यावर हात घेऊन. बाहेर पत्रा कुठेतरी फाटत होता. माझ्या शेजारी कोण येऊन बसलंय ते बघितलं — शॉना.

म्हणाली, "बाबांना सांगितलं मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जाऊ दे त्यांना. मला कुणी बोलावलं असतं तर मीही गिरणी सोडून गेलो असतो."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

तासाभराने वारा निवळला. मैदान ओलं, कुंपणाची एक बाजू आडवी. खेळ पुढे सुरू. सातवी, शेवटची इनिंग. त्यांच्या दोघी बाद, तिसरी झाली की जिंकलो, पण तिन्ही बेसवर त्यांच्या मुली धावायच्या तयारीत. एक फटका आणि सगळं संपलं असतं! टेसाने माझ्याकडे बघितलं — तेवीस दिवसांनी पहिल्यांदा. मी मान हलवली. शॉनाने टाकला. बॅटीची नुसती कड लागली, चेंडू उंच, मागच्या जाळीकडे. टेसाने मुखवटा भिरकावला, धावली, जाळीवर आपटली — आणि झेल!

नऊ वर्षांनी करंडक! पिंपभर बर्फाचं पाणी माझ्या डोक्यावर. टेसा कानात ओरडली, "अजून राग गेलेला नाही हं, कोच!"

ग्लेन्डा भिंतीला टेकून रडत होती. अकरा वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, "अगं, जिंकलोय आपण!"

"माहितेय मला," म्हणाली.

१ जून

नेब्रास्का. पहिला दिवस. खोलीला खिडकी मोठी आहे. करायला काही नाही. सवयीने टॉवेल घड्या करायला घेतले, तर तो माणूस धावत आला — "कोच, ते माझं काम!"

८ जून

टेसाचा फोन. सीडर फोर्कने सॉफ्टबॉल संघ बंद केला. सगळ्यांना पत्रं गेली — "कोच टॅकेट यांच्या जाण्यानंतर" वगैरे.

प्रुएटला फोन लावला. म्हणाला, "तुमच्यासारखी दुसरी कुठून आणणार होतो आम्ही?"

म्हणजे माझ्यामुळे. मोठी खिडकी पाहिजे होती मला!

१० जून

दोन दिवस फोनला चिकटून आहे. ओळखीचा एकही कोच सोडला नाही. नऊ जणींची सोय झाली, टेसाचीही. ती फक्त "थँक यू" म्हणाली.

शॉनाच्या घरी वडिलांनी उचलला. "ती गिरणीत अर्ज द्यायला गेलीय."

म्हटलं, "तिला सांगा, माझ्याकडे जागा आहे. इथे. उद्याच निघू दे."

त्यांनी विचारलं, "या वेळी किती वर्षं?"

"ती असेल तोवर," म्हटलं.

"सांगतो तिला."

१२ जून

ग्लेन्डाशी बोलले. संघ बंद करायचं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. कॉलेजच्या समितीत ती कर्मचाऱ्यांच्या वतीने बसते. तोंड उघडणार नाही म्हणून सही घेतली होती तिच्याकडून. बाहेर आली आणि दुसऱ्याच दिवशी नेब्रास्काला माझं नाव कळवलं. तिनेच!

"तुला सांगितलं असतं तर भांडत बसली असतीस. गेली नसतीस."

तिचीही नोकरी गेलीय. विचारलं, "आणि तू? स्वतःसाठी कुणाला फोन केलास?"

"वेळच नाही झाला गं."