कशासारखं ते सांग

आई, हे तुला कधीच वाचता आलं नसतं. तू असतीस तरी मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू मधेच थांबवून विचारलं असतंस, "म्हणजे कशासारखं?" त्या प्रश्नाला घाबरून मी इतकी वर्षं लिहिलं नाही.

मी तिसरीत होते तेव्हा तुझे डोळे गेले. काचबिंदू हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाबा कामावर, दादा शाळा सुटली की मैदानावर, त्यामुळे पाहायचं काम माझ्याकडे आलं. तू रडलेली मला आठवत नाहीस. आठवतं ते कालवण. तळ्याकाठच्या त्या दोन खोल्या, तू स्टोव्हपुढे पाटावर बसलेली, हातात पळी. "रंग कसा आलाय?" मी म्हणते, लाल. "लाल नाय. कशासारखा लाल?" शाळेच्या वाटेवर वीटभट्टी आहे. मी म्हणते, विटेसारखा. "भाजलेल्या का कच्च्या?" मी वाकून पुन्हा पाहते. कच्च्या. "मग लाल कशाला म्हणालीस? राहू दे अजून." कालवण उकळत राहतं आणि मी पातेल्याकडे बघत राहते. त्याआधी मी कुठलीही वस्तू इतका वेळ पाहिली नव्हती.

तुझा नियम साधा होता. तू पाहिलेल्या गोष्टींतलंच काहीतरी सांगायचं, आणि ते खरं असायला हवं. बाजारात जाताना एकदा मी म्हटलं, पुढे पाणी साचलंय, ताटाएवढं. तू पाय टाकलास आणि घोट्याच्या वरपर्यंत बुडालीस. लोक बघत होते. मला वाटलं, आता मार बसणार. तू साडी पिळलीस आणि म्हणालीस, "ताटाएवढं असेल गं, पण ताटासारखं नव्हतं ना. तू सांगतेस त्याच्यावर मी पाय ठेवते, बाई." पुढे मी बत्तीस वर्षं कॉलेजात उपमेय, उपमान, साधर्म्य शिकवलं. मुलं व्याख्या पाठ करून गुण मिळवत राहिली. साधर्म्य नेमकं कुठे संपतं, हे मला त्या खड्ड्याने शिकवलं होतं, पण वर्गात मी ते कधी बोलले नाही.

बी.ए.ला असताना माझी भाषा बिघडली. कवितेचा तास सुरू झाला होता. एका सकाळी तू विचारलंस, बाहेर कसं आहे, आणि मी म्हटलं, आभाळ मोत्यासारखं आहे. तू तांदूळ निवडता निवडता थांबलीस. निवडणं बोटांनी चालायचं, खडा लागला की बाजूला. "मोती मी बघितले ते तुझ्या मामीच्या कानातले. ते खोटे होते." मग हसलीस. "तुझ्या सरांना सांग ते मोतीबिती. मला सांग, वाळवण घालू का नको?" मी पुन्हा बाहेर जाऊन पाहिलं. धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखं, मी म्हटलं. "मग नको घालायला." त्या वर्षी मी कविता लिहिणं सोडलं. त्याचं वाईट वाटलं नाही.

आपण नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा मला उपमानं अपुरी पडू लागली. तू ती वस्ती कधी पाहिली नव्हतीस. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर मी तुला तुझ्या माहेरच्या पत्र्याच्या पेट्यांवरून सांगितले: तसलीच पेटी, पण आपल्या खोलीएवढी. "आणि रंग?" एकाचा गंजासारखा. एकाचा निळीच्या पहिल्या पाण्यासारखा. तू मान डोलावलीस. तुझ्या मनात ते शहर जुन्या सामानाने बांधलं जात होतं. विटा, पेट्या, नीळ, खाडीत चिखलावर कललेल्या होड्या. ते कसं दिसत होतं, हे मला तुला विचारायला हवं होतं.

माझ्या लग्नाच्या सकाळी तू म्हणालीस, "सगळ्यांचं सांगतेस. तू कशी दिसतेस ते कधी सांगितलं नाहीस." तू मला शेवटचं पाहिलंस ते दोन वेण्या घालणारी, दात पडलेली. मी म्हटलं, तुझ्यासारखी. "माझ्यासारखी म्हणजे? तेव्हाच्या का आत्ताच्या? आत्ताची मी कशी दिसते ते मला कुठे ठाऊक!" मग तू माझा चेहरा चाचपलास. कपाळ, भुवया, नाक. नाकावर बोट थांबलं. "हे तुझ्या बापाचं. खोटारडी." शेजारच्या काकू दारातून ओरडल्या, "अहो, नवरीची टिकली पुसली तुम्ही!" तू हात काढून घेतलास आणि साडीला पुसत राहिलीस, बराच वेळ.

तू गेलीस ती दुपारी, फ्लॅटवर, जेवण झाल्यावर. आजूबाजूच्या बायका जमल्या. ज्या आल्या त्या म्हणाल्या, झोपल्यासारख्या वाटतायत. अशा वेळी ते म्हणतातच. दादाचा फोन आला तेव्हा तो मस्कतला होता. त्याला सुट्टी मिळाली नव्हती, तो पोचणार नव्हता. मग त्याने विचारलं, "कशी दिसते गं आई?"

मी पाहिलं. तू शिकवलंस तसं, वाकून. तू कुशीवर झोपायचीस, गालाखाली हात, कपाळाला आठी, झोपेतही काहीतरी ऐकत असल्यासारखी. आता तू उताणी होतीस. हात सरळ केलेले. हनुवटीखालून डोक्यापर्यंत फडकं बांधलेलं. आठी नव्हती. मी वीट आठवली, राख आठवली, माती आठवली. काहीच लागू पडेना. तू कशासारखीच दिसत नव्हतीस. आणि फोनवर दादा थांबला होता. त्याला माझ्याशिवाय दुसरे डोळे नव्हते.

"झोपल्यासारखी," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच."

मग तो रडू शकला.

दादा आता विचुंब्याला राहतो. गेल्या रविवारी जेवताना तो नातीला सांगत होता की आमची आई गेली तेव्हा अगदी झोपल्यासारखी दिसत होती. वळून मला म्हणाला, "हो ना गं?" मी भात वाढत होते. हो म्हटलं. नात म्हणाली, "मग तिला उठवलं का नाही?" दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरले, पण चेहरा शांत होता. इतक्या वर्षांत त्याने तुझी त्या दिवसाची तेवढीच आठवण जपली आहे, आणि ती मी दिलेली आहे.

तुझ्या नियमात ते वाक्य बसत नाही. तू असतीस तर लगेच पकडलं असतंस. मी दादाला खरं सांगणार नाही, आणि हेही कुणाला वाचून दाखवणार नाही. पण तुला सांगायला हवं. हल्ली मी डोळे मिटले की ते फडकं दिसत नाही, सरळ केलेले हात दिसत नाहीत. मलाही तू झोपल्यासारखीच आठवायला लागली आहेस.