घड्याळवाल्याला दिलेले धक्के

तारीख १९, दुपार

विहीणबाईंना नमस्कार,

हो हो, खरं आहे! शेजारच्या घड्याळवाल्याला मी धक्का दिला. एकदा नाही, तीनदा. एवढ्या लांब तुमच्या कानावर गेलं म्हणजे आमच्या गल्लीला पोस्टाची गरजच नाही. तुम्ही विचारता, "या वयात हे काय?" अहो, मग कोणत्या वयात? तो बिचारा आता मी दिसले की टेबलाखाली वाकून स्क्रू शोधायला लागतो. टक्कल तेवढं वर राहतं.

बाकी ठीक. इस्त्रीचं काम चालू आहे. दम्याची ती बारकी गोळीही चालू आहे. तिनं गाल असे फुगलेत की लोक म्हणतात, बाई सुखात आहे! बाळ रांगायला लागलं हे वाचून मी एकटीच हसत बसले. पुढच्या महिन्यात लेक कामावर जायला लागली की ते माझ्याकडेच राहणार ना! त्याची झबली इस्त्री करून ठेवलीत. रोज घडी मोडते आणि परत करते.

मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, सहज. त्या म्हणाल्या, "त्या गोळीनं डोळ्यातला दाब वाढलाय, आतली नस वाळत चाललीय. गोळी कमी होते का विचारा." गेले छातीच्या डॉक्टरकडे. ते म्हणाले, "मागे कमी केली तेव्हा ऑक्सिजन लावावा लागला, विसरलात?" मी म्हटलं, "मग तुम्ही दोघं बसून ठरवा, मी श्वास घ्यायचा का बघायचं." हसले नाहीत हो. एरवी माझ्या बोलण्यावर माणसं हसतात.

डोळ्यात घालायला थेंब दिलेत. गेलेली नजर काही परत यायची नाही. उरलीय तेवढी राखायची.

समोरचं लख्ख दिसतं, खोटं नाही सांगत. सुईत दोरा ओवते अजून. बाजूचंच तेवढं गेलंय, नळीतून बघावं तसं. घड्याळवाला नेमका बाजूनं येतो. गल्लीला वाटलं म्हातारी चळली. मी वाटू दिलं. चळलेल्या आजीकडे नातवाला निदान रागावून तरी पाठवतील, आंधळीकडे कोण ठेवणार?

काल शेजारचं मांजर माझ्या इस्त्रीच्या वायरशी खेळत होतं. इस्त्री खाली आली. माझ्या अगदी शेजारी, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. ते किंचाळलं तेव्हा मला कळलं की खोलीत मांजर आहे.

पाठ भाजलीय त्याची. जगेल म्हणतात.

विहीणबाई, बाळाला आणू नका. लेकीला तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून निघायचं नाही. ते रांगत माझ्या शेजारी आलं तर मला दिसणार नाही.

तुमची विहीण